अप्पांची बरणी

“यात साखर आहे.”

शैलावन्संनी बरणीत चमचा घातला, चाखला आणि निकाल देऊन टाकला. खांद्यावरची पर्सही अजून उतरवली नव्हती. सकाळी त्या अप्पांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या होत्या, आणि डॉक्टरांनी दुसऱ्यांदा परत पाठवलं होतं. रक्तातली साखर उतरल्याशिवाय मोतीबिंदूला हात लावणार नाही म्हणाले.

“नाही हो वन्सं,” मी म्हटलं. “जांभळं, आलं, दालचिनी आणि सैंधव. बाकी काही नाही.”

“मग गोड कशानं लागतंय?”

“जांभळांचं अंगचं असेल.”

“अंगचं!” वन्संनी चमचा ओट्यावर आपटला. “वैजयंती, मला जीभ आहे.”

वन्सं पुण्यातल्या एका शाळेत परीक्षांचं काम बघायच्या. कॉपी करणारी मुलं पकडण्यात त्यांची अर्धी नोकरी गेली होती, आणि माहेरी आल्या तरी त्या बाकांमधून फिरल्यासारख्याच फिरायच्या. माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. संशय घ्यायला घरात सगळ्यांत सोयीची मीच होते.

अप्पा म्हणजे माझे सासरे. सासवडच्या हायस्कुलात चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. पण गाव त्यांना ओळखायचं ते गणपतीच्या डोळ्यांसाठी. बबन कुंभाराच्या कारखान्यात मूर्ती रंगवायला बरीच माणसं असायची, डोळ्यांची आखणी मात्र अप्पांनीच करायची. लोक सांगायचे, वाळिंबे सरांनी आखलेला गणपती खोलीत कुठेही जा, तुमच्याकडेच बघत असतो. आदल्या वर्षी मात्र दोन मूर्तींचे डोळे तिरळे झाले. बबननं काही न बोलता त्या मागच्या फळीवर ठेवून दिल्या. अप्पांना कळायचं ते कळलं. यंदा आखणी सुरू व्हायच्या आत ऑपरेशन झालं नाही, तर बबन बाहेरून माणूस आणणार होता, आणि एकदा दुसऱ्याचा हात लागला की ते काम अप्पांकडे परत येणार नव्हतं.

त्यात अप्पांना गोडाचं वेड. पोळीबरोबर गुळांबा, भाकरीबरोबर गुळांबा, नुसताही गुळांबा. मी लग्नाआधी फळप्रक्रियेचा कोर्स केला होता. लग्न जमवताना माहेरच्यांनी तो मोठ्या कौतुकानं सांगितला, आणि तोच माझ्या गळ्यात पडला. घरातली साखर आणि गूळ पार हद्दपार झाला. साखरेच्या डब्यात मी पोहे भरले. अप्पांच्या ताटात रोज काहीतरी चमचमीत हवं म्हणून मी डिप करायला लागले. दही फडक्यात बांधून त्याचा चक्का आणि त्यात पुदिना-लसूण. भाजलेल्या वांग्यात तीळ वाटून. नाहीतर भोपळा भाजून त्यात मिरी. फळांचे सॉस करायचे ते बिनसाखरेचे. पेरूचा जिरं घालून, डाळिंबाचा सुंठ घालून, आणि जून लागला की जांभळांचा. अप्पांना डिप म्हणायला आवडायचं नाही. “ते बुडवायचं आण गं,” म्हणायचे.

“घरात साखरच नाही तर मी घालणार कुठून?” मी वन्संना विचारलं.

“तेच बघायचंय मला.”

आणि त्यांनी खरंच बघितलं. पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. फडताळ रिकामं केलं, देव्हाऱ्याखालचा खण उघडला, माझ्या कपाटाच्या दारातही जरा रेंगाळल्या. सुहास, म्हणजे माझा नवरा, तेवढा वेळ पेपर तोंडापुढे धरून बसला होता. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, वन्संच्या मागून एकेक डबा मुकाट्यानं जागेवर ठेवला. साखरेचा दाणा सापडला नाही. त्यानं वन्संचा संशय जाण्याऐवजी आणखी पक्का झाला, कारण आता मी नुसती खोटारडी नव्हते, हुशारही होते.

“पुढच्या रविवारी येते,” जाताना त्या म्हणाल्या. “अप्पांना पुण्याला घेऊन जाते. माझ्या घरात महिन्यात साखर उतरवून दाखवते. मग कळेलच सगळ्यांना, खोट कुठे होती ते.”

“आणि बबनचं काम?” खाटेवरून अप्पांनी विचारलं.

“डोळे राहिले तर काम, अप्पा.”

अप्पा उजव्या हाताचं बोट मांडीवर फिरवत राहिले. आधी वरची कमान, मग खालची, मग मधे ठिपका. ते दिवसभर तेच करायचे. मला रडू फुटत होतं, पण वन्संसमोर रडायचं नाही एवढं मी ठरवलं होतं.

त्या गेल्यावर मी स्वतः बरणी चाखली. सॉस गोड होता. वन्संची जीभ खोटी नव्हती.

झालं. त्या दिवसापासून मी घरातल्या प्रत्येकाकडे वन्संच्याच डोळ्यांनी बघायला लागले.

पहिला संशय अप्पांवर. पण ते एकटे फाटकाबाहेर पडायचे नाहीत, आणि त्यांच्या खिशात रुमालाशिवाय काही नसायचं. मग सुहासवर. त्याला वडिलांची दया येऊन तो काही आणत असेल म्हणून मी त्याच्या डब्याची पिशवीसुद्धा हुंगली. त्याला ते दिसलं. “आता मलाही?” एवढंच म्हणाला आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. मग ताकवलेकाकूंवर. शेजारच्या या काकू दुपारी अप्पांशी गप्पा मारायला ओसरीवर येऊन बसायच्या, आणि त्यांच्या कनवटीला कायम काहीतरी खायला असायचं. एका दुपारी मी त्यांना सरळच विचारलं.

“काकू, अप्पांना काही गोड देता का हो तुम्ही?”

“मी? अगं बाई!” काकूंनी हातातला पंखा थांबवला. “उलट मीच म्हणणार होते, तुझा तो जांभळाचा सॉस जरा गोड कर म्हणून. काय आंबटढाण गं! आमच्या ह्यांनी एक डोळा मिटून खाल्ला.”

“आंबट?”

“मग काय तर. तुझ्या सासूनं कौतुकानं बरणी दिली म्हणून संपवला आपला.”

मी घरात येऊन ओट्याशी उभी राहिले. सगळा सॉस एकाच पातेल्यात शिजला होता. जांभळं चाळणीवर घासून गर काढला तो मी, आटवला तो मी, थंड बशीत थेंब टाकून पाणी सुटत नाही हे बघितलं तेही मीच. त्याच पातेल्यातून गल्लीच्या बरण्या भरल्या, त्याच पातेल्यातून अप्पांची. अप्पांची बरणी मोठी, आणि त्यांना चाचपून कळावी म्हणून तिच्या गळ्याला सुतळी बांधलेली. गल्लीतला सॉस आंबट आणि अप्पांचा गोड. म्हणजे कुणीतरी नंतर, नेमक्या त्याच बरणीत काहीतरी घालत होतं.

राहता राहिल्या आई. पण आईंवर संशय घ्यायला माझं मन होईना. त्या अबोल होत्या. अंगावर कोड होतं; कपाळ, ओठांच्या कडा, मान, दोन्ही हात. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून त्या तशाच होत्या, त्यामुळे मला त्याचं काही वाटायचं नाही. लांब बाह्यांचा ब्लाउज घालायच्या, लग्नाकार्याला जायच्या नाहीत. हौस म्हणावी तर एकच, माझे सॉस गल्लीत वाटायची. फाटकात उभ्या राहून हाक मारायच्या, “घ्या हो, आमच्या सुनेनं केलाय.” त्या वाक्यावर मी आठवडाभर खूश असायचे. सुनेला इतकं मानणारी बाई तिच्याच नावाला बट्टा कशाला लावेल?

तरी शनिवारी दुपारी मी पिशवी घेतली, बाजारात जाते म्हणून सांगितलं, आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परसातल्या दारानं परत आले. न्हाणीघराच्या आडोशाला उभी राहिले. आपण आपल्याच घरात चोरासारखं उभं राहायचं, याची लाजही वाटत होती आणि वन्संचा रागही येत होता.

पुढच्या दारातून ताकवलेकाकूंचा आवाज आला. “ही घ्या बरणी. सॉस संपला हो, बरा होता!” माझ्यासमोर आंबटढाण, आणि आईंसमोर बरा. मग आई बरणी घेऊन स्वयंपाकघरात आल्या. झाकण फिरवलं. बरणीच्या तळाशी पांढरी शुभ्र साखर होती.

आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. घरात दुसरं काही नसलं तर मूठभर साखर तरी घालून देतात. हे मी जन्मापासून बघत आले होते, आणि म्हणूनच ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आम्ही दुकानातून साखर आणत नव्हतो. पण मी गल्लीभर बरण्या वाटत होते, आणि गल्ली रीतीप्रमाणे आम्हाला घरपोच साखर देत होती. परत आलेल्या बरण्या आईच घ्यायच्या, आईच धुऊन पालथ्या घालायच्या.

आईंनी सुतळीची बरणी पुढे ओढली. साखर तिच्यात उपडी केली आणि ढवळायला लागल्या. सवयीचा हात होता.

“आई.”

चमचा काचेवर आपटला. त्यांनी वळून पाहिलं नाही.

“घरात आलेली साखर टाकू नये,” त्या म्हणाल्या.

“म्हणून अप्पांच्या बरणीत?”

 मी आत आले, पिशवी खाली ठेवली.

“वन्सं मला काय काय बोलल्या, ते तुम्ही ऐकत होतात.”

“ऐकत होते.”

“आणि गप्प बसलात.”

“बसले.” मग हळूच म्हणाल्या, “तुझं नाव गेलं तर परत येईल असं वाटलं. तू तरुण आहेस.”

मला भयंकर राग आला. “त्यांची साखर उतरू नये असं वाटतं तुम्हाला? ऑपरेशन व्हायलाच नको आहे?”

आई भिंतीशी पाटावर बसल्या. हातातला चमचा तसाच होता.

“यांनी मला असं पाहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या.

“असं म्हणजे?”

त्यांनी आपल्या पांढऱ्या मनगटाकडे पाहिलं. मला तेव्हा कुठे समजलं. मी या घरात आल्यापासून आईंचा हाच चेहरा बघत होते. अप्पा वेगळाच चेहरा घेऊन बसले असतील, हे माझ्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं.

“पहिला डाग कानामागं आला तेव्हाच यांना अंधूक दिसायला लागलं होतं,” आई सांगत होत्या. “मग यांचे डोळे मंदावत गेले आणि माझं वाढत गेलं. मूर्तीचे डोळे सवयीच्या हातानं काढायचे, पण माणसाचं तोंड म्हणजे यांना नुसती सावली. मला वाटलं, देवानंच मेळ घातला. शैलाला, सुहासला शपथ घातली. गल्लीत कुणी यांच्यापुढं बोलत नाही. हात हातात घेतात तेव्हा यांना काय कळणार? कातडी हाताला तशीच लागते.”

“आई, अप्पा काय म्हणणार आहेत त्यात?”

“तुला माहीत नाही.” त्या पहिल्यांदाच माझ्याकडे वळल्या. “मला बघायला आले तेव्हा यांनी एक प्रश्न विचारला नाही. कागद काढला आणि माझा चेहरा काढत बसले. मी सावळी. माझे मामा अगदी अवघडून गेले होते, मुलगी काळी म्हणून. तर हे म्हणाले, असा रंग माझ्या एकाही डबीत नाही. त्या एका बोलण्यावर मी जन्म काढला, वैजू. आता तोच राहिला नाही.”

त्यांनी पदर तोंडाला लावला. माझा राग कुठे गेला नव्हता, पण त्याचं काय करावं ते मला कळेना. ओसरीवर अप्पा खोकले, आणि मला त्यांचं मांडीवर फिरणारं बोट आठवलं.

“ऑपरेशन झालं नाही तर तुमचा चेहरा त्यांना दिसणार नाही, हे खरं,” मी म्हटलं. “पण मग दुसरंही काहीच दिसणार नाही, आई. बबन कुंभार माणूस शोधतोय.”

“माहीत आहे.”

“ते दिवसभर मांडीवर काय काढत असतात, तेही माहीत आहे ना?”

त्यावर त्या उठल्या. मोरीशी जाऊन काकूंची बरणी धुवायला लागल्या, आणि ती स्वच्छ झाली तरी धूतच राहिल्या. मी सुतळीची बरणी उचलली, तिच्यातला सॉस परसात ओतला आणि पुन्हा जांभळं निवडायला बसले.

रविवारी वन्सं रिकामी बॅग घेऊन आल्या. अप्पांचे सदरे खुर्चीवर काढून ठेवले, गोळ्यांची पिशवी मागितली. अप्पा खाटेवर बसून होते. सुहास दोनदा “अगं ताई” म्हणाला आणि दोन्ही वेळा तिथेच अडला. तेवढ्यात पलीकडच्या घरातली मंगल बरणी परत द्यायला आली. आईंनी फाटकात जाऊन ती घेतली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होते.

आई आत आल्या नाहीत. अंगणातल्या तुळशीशी गेल्या, झाकण काढलं आणि साखर बुंध्याशी ओतली. शेवटचा दाणाही बरणी आपटून पाडला.

“हे काय करतेस?” वन्संनी विचारलं.

“मुंग्यांना घातली.” आई पायरी चढून आल्या. “शैला, यांना कुठं न्यायचं नाही. महिना जाऊ दे. मग डॉक्टरांकडं ने. साखर उतरलेली असेल.”

“कशावरून?”

“मी सांगते म्हणून.”

आई एवढं ठाम बोलल्याचं त्या घरात कुणाच्या आठवणीत नसावं. वन्संनी आईंकडे पाहिलं, मग तुळशीकडे, आणि मग त्यांची नजर फिरून फिरून यायची तिथेच, माझ्यावर आली.

“म्हणजे ही घालतच होती! आणि तू आता पांघरूण घालतेस.”

आई काहीतरी बोलायला गेल्या. समोर अप्पा मान वर करून कान देऊन बसले होते. मी आईंच्या आधी बोलले.

“यापुढे गोड लागणार नाही, वन्सं,” मी म्हटलं. मी कबूलही केलं नाही आणि नाकारलंही नाही. वन्संना तेवढं पुरलं. आज इतक्या वर्षांनीही त्या आमच्याकडे आल्या की पानात वाढलेला सॉस आधी बोटावर घेऊन चाखतात, आणि मग माझ्याकडे बघतात.

साखर उतरली. डॉक्टरांनी तारीख दिली, ऑपरेशन झालं. अप्पा काळा चष्मा लावून घरी आले आणि आई आतल्या खोलीत गेल्या त्या गेल्याच. डोक्यावरून पदर पुढे ओढलेला. अप्पांचं ताट माझ्या हाती, औषधाचे थेंब सुहासच्या हाती. “अंगात कणकण आहे, त्यांना बाधायला नको,” असं काहीतरी कारण सांगायच्या. अप्पा काही विचारायचे नाहीत. मला त्यांच्या न विचारण्याचीच धास्ती वाटायला लागली.

चष्मा काढायची परवानगी मिळाली त्या दिवशी बबन एक मूर्ती घेऊन आला. मूर्तीचा चेहरा पांढऱ्या रंगाचा हात देऊन वाळवलेला, अजून कोराच. बबन गेल्यावर अप्पांनी ओसरीवर पाट मांडला, बारीक कुंचला काढला, ओठांत धरून त्याचं टोक जुळवलं. मग मला म्हणाले, “हिला बोलाव. म्हणावं, कणकण घेऊनच ये.”

आई उंबऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या.

“समोर बस. आणि तो पदर मागं घे.”

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होते? त्या अप्पांच्या समोर बसल्या आणि पदर मागे घेतला. दुपारचं ऊन थेट त्यांच्या तोंडावर होतं. मला तिथून निघून जायचं होतं, पण पाय निघाला नाही.

अप्पा बघत राहिले. कपाळ, डोळ्यांभोवतालचं, ओठ, हनुवटी, मान. चित्र तपासायचे तसंच, घाई नाही.

“बरंच पांढरं झालंय गं,” ते म्हणाले.

“हो.”

“दुखतं का?”

“नाही.”

“मग मला सांगायचं नाही?”

“तुमच्या डबीत नसलेला रंग होता तो,” आई म्हणाल्या. “गेला तो.”

“गेला खरा.” अप्पांनी मान हलवली. “मला फार आवडायचा.” मग त्यांनी हातातल्या कुंचल्यानं समोरच्या कोऱ्या मूर्तीकडे खूण केली. “पण जन्मभर मी पांढऱ्यावरच डोळे काढत आलोय. पांढऱ्याला भिईन असं वाटलं तुला? रडू नकोस, डोळे लाल होतात. जरा माझ्याकडे बघत बस म्हणजे हात हलणार नाही.”

आई डोळे पुसून त्यांच्याकडे बघत बसल्या. अप्पांनी आधी वरची कमान ओढली, मग खालची, मग मधे ठिपका दिला. हात हलला नाही.

त्या दिवशी पान वाढायला आई स्वतः आल्या. नाचणीची भाकरी होती, पुदिन्याचं बुडवायचं होतं, आणि मोसमातल्या शेवटच्या जांभळांचा सॉस. अप्पांनी तुकडा बुडवला, खाल्ला आणि तोंड वाकडं केलं.

“आंबट आहे.”

“आंबटच असतो तो,” आई म्हणाल्या.

“मग मागचा गोड होता, तो कशानं?”

आईंचा वाढता हात थांबला. मी घाईनं म्हटलं, “तेव्हाची जांभळं गोड होती, अप्पा.”

अप्पांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईंकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी पाण्याचा तांब्या आणायच्या निमित्तानं बाजूला सरकले, तरी ते बघतच होते.

“असेल,” ते म्हणाले. “जांभळांचं काही सांगता येत नाही.” आणि त्यांनी भाकरीचा दुसरा तुकडा सॉसमध्ये बुडवला.